अप्पांची वैद्यकीय घोषणा

अप्पांना झटका आला तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती. उरलेली अर्धी त्यांच्या मुलाने चौथ्या दिवशी दवाखान्यात केली. गालाला साबण लावून वस्तरा टेकवणार, एवढ्यात तीन दिवस मुके पडलेले अप्पा पहिल्यांदा बोलले. चादरीतून डावी मूठ बाहेर आली, तोंड वाकडं झालं, पण आवाज मात्र खणखणीत निघाला :

"चढत राहा!"

मुलाच्या हातून वस्तरा सुटला. शेजारच्या खाटेवर पायाला प्लॅस्टर घालून पडलेले गृहस्थ दचकून म्हणाले, "कुठे?"

हा मुलगा म्हणजे काही लहान मुलगा नव्हे. चोपन्न वर्षांचे गृहस्थ. एका दंतवैद्याच्या मागच्या खोलीत बसून ते कवळ्या बनवत, म्हणून सगळे त्यांना कवळीमास्तर म्हणत. मेण, प्लॅस्टर आणि गुलाबी हिरड्यांच्या पसाऱ्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. दोन्ही पक्षांच्या निम्म्या पुढाऱ्यांचं हसू त्यांच्या टेबलावरून गेलेलं. साच्यात पक्ष कळत नाही, असं ते कधीकधी म्हणत. घरी मात्र हे वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

कारण घर शिडीचं होतं. शिडी पक्षाची निशाणी शिडी, घोषणा "चढत राहा", आणि अप्पा त्या पक्षाचे साठ वर्षांचे कार्यकर्ते. कधी उमेदवारी मिळाली नाही, कधी मागितलीही नाही. खुर्च्या मांडणं, सतरंज्या उचलणं, भिंती रंगवणं आणि सभेत पहिल्या रांगेत बसून घोषणेला पहिला आवाज देणं, हे त्यांचं काम. कवळीमास्तर सात वर्षांचे असताना पोस्टरं चिकटवायच्या खळीची बादली धरून अप्पांच्या मागून हिंडत. शिडी हा त्यांनी निवडलेला पक्ष नव्हता. आपलं नाक आपण कुठे निवडतो? अठरा पूर्ण झाल्यावर ते पहिल्यांदा मत देऊन बाहेर आले, तेव्हा फाटकाशी उभ्या अप्पांनी "कुणाला दिलंस" असं विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "झालं?" मास्तर म्हणाले, "झालं." त्यानंतरच्या प्रत्येक निवडणुकीत हाच संवाद झाला. त्यात एका शब्दाची भर पडली नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "यांची वाचा गेलीय. पण जे आयुष्यभर घोकलेलं असतं ते कधीकधी मेंदूत शाबूत राहतं. माझ्या एका पेशंट बाईंना फक्त सतराचा पाढा येत होता. एक गृहस्थ फक्त शिव्या द्यायचे, ते तर प्राध्यापक होते. तुमच्या वडिलांचं हे उरलंय."

"एवढंच?" मास्तरांनी विचारलं.

"एवढं राहिलं हेही पुष्कळ," डॉक्टर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अप्पांना घरी पाठवलं. बरं वाटलं म्हणून नव्हे, तर आता दवाखान्यात करण्यासारखं काही उरलं नव्हतं म्हणून. किती दिवस, असं मास्तरांनी दारात विचारलं. डॉक्टरांनी मास्तरांचा खांदा थोपटला. त्यापेक्षा मास्तरांना सतराचा पाढाही चालला असता.

घरी आल्यावर अप्पा सगळ्यालाच "चढत राहा" म्हणू लागले. पाणी हवं तरी चढत राहा, लघवीचं भांडं हवं तरी चढत राहा, उजेड डोळ्यांवर येतो तरी चढत राहा. मास्तरांच्या बायकोने दोन दिवसांत त्याची बाराखडी लावली. खालच्या पट्टीत आलं तर पाणी, शेवट लांबला तर भांडं, तुटक आलं तर पडदा. मास्तरांना मात्र सगळे सारखेच ऐकू येत. आयुष्यभर ज्यांच्या आवाजामागे आवाज मिळवला त्यांचा सूर आपल्याला ओळखता येत नाही, आणि सुनेला येतो, हे त्यांना लागलं. पण ही वेळ लागून घेण्याची नव्हती.

कारण चौथ्या तऱ्हेचा एक "चढत राहा" होता, त्याचा अर्थ बायकोलाही लागेना. तो हळू येई. डावा हात समोरच्या भिंतीकडे उचलून अप्पा तो म्हणत, आणि डोळ्यांतून पाणी वाहू लागे. भिंतीवर एकच गोष्ट होती : पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या सभेचा फोटो. मधे पक्षाचे थोर नेते हार घालून उभे, आणि बाजूला गर्दीत अप्पा.

"निवडणूक," मास्तर एकदम म्हणाले. मतदान सहा दिवसांवर आलं होतं. "अगं, उघड आहे! अप्पांना मत द्यायचंय. शेवटचं."

"मला तसं वाटत नाही," बायको म्हणाली.

"मग काय वाटतं?"

"ते कळत नाही. पण मत मागणारा माणूस असा रडत नाही."

"अप्पा रडतील," मास्तर म्हणाले. आपण वडिलांना ओळखतो हे सिद्ध करायची एवढी एकच संधी उरली होती, ती ते सोडणार नव्हते.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मोजणीदार राहत. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या आणि आता मोजायला जमीन नसल्यामुळे ते उरलेलं सगळं मोजत. बातमी कळताच ते टेप घेऊनच खाली आले.

"मतदान शाळेत, दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या बेचाळीस. दोन वळणं. लिफ्ट नाही. वडिलांचं वजन?"

"माहीत नाही."

"साठ धरू. खुर्ची सात. चार माणसं हवीत. पण तुम्ही मुळात तिकडे नेताच कशाला? आजाऱ्याचं मत घरी येऊन घेतात. अर्ज करा."

मास्तर निवडणूक कचेरीत गेले. खिडकीवरच्या कारकुनाने झटक्याची तारीख विचारली, कॅलेंडर पाहिलं आणि मनापासून हळहळला.

"एक दिवस चुकला हो तुमचा. मुदत सोमवारी संपली, झटका मंगळवारी आला."

"तो काय विचारून आला?"

"मी समजू शकतो. पण झटका मुदतीत यायला हवा होता." त्याने एक गुलाबी कागद पुढे सरकवला. "सोबतीचा नमुना भरा. मतदार असमर्थ असेल तर एक सोबती आत जाऊ शकतो. मतदाराची जी इच्छा असेल त्याप्रमाणेच शिक्का मारायचा आणि ती कुणाला सांगायची नाही, अशी शपथ आहे खाली. मतदार आपली इच्छा सांगू शकतो ना?"

"सांगतात की," मास्तर म्हणाले. "दिवसभर तेच सांगतात. चढत राहा म्हणून."

कारकुनाची लेखणी थांबली. "केंद्राच्या आत? अहो, शंभर मीटरच्या आत घोषणा म्हणजे गुन्हा आहे!"

झाली का पंचाईत! मास्तरांनी परोपरीने सांगितलं, की ही घोषणा नसून आजार आहे. कारकून म्हणाला, तसं लिहून आणा. मास्तर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी लिहून दिलं, पण त्यावर शिक्का नव्हता. शिक्का घेऊन आले तर कारकून जेवायला गेला होता. कारकून आला तेव्हा साहेब नव्हते. साहेब आले तेव्हा त्यांनी पत्र वाचून विचारलं, की यात पक्षाचा उल्लेख का नाही? मास्तर पुन्हा डॉक्टरांकडे. अशा तीन खेपा झाल्यावर जो कागद तयार झाला त्यात असं लिहिलं होतं : "रुग्णाच्या मुखातून निघणारी घोषणा ही वैद्यकीय स्वरूपाची असून तिचा कोणत्याही राजकीय पक्षाशी संबंध नाही."

मास्तरांनी ते बसमध्ये वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. साठ वर्षं सतरंज्या उचलल्या त्या माणसाचा कोणत्याही पक्षाशी संबंध नाही, असं सहीशिक्क्यानिशी त्यांच्या खिशात होतं, आणि ते मिळवायला त्यांनी स्वतः तीन अर्ध्या रजा घेतल्या होत्या.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. झटक्याने अप्पांचं तोंड एका बाजूला उतरलं होतं, जुनी कवळी बसेना. अप्पांनी बोळक्या तोंडाने शेवटचं मत द्यावं हे कवळीमास्तरांच्या मुलाबाळांनाही शोभलं नसतं, मग त्यांना स्वतःला कुठून! दोन दिवस खपून त्यांनी नवी कवळी बनवली. एवढं बारीक काम त्यांनी पुढाऱ्यांसाठीही केलं नव्हतं.

या सगळ्या धावपळीत घरातली एकोणीस वर्षांची लेक गप्प होती. तिचं यंदा पहिलंच मत. "बाबा," तिने एकदा विचारलं, "आजोबांनी मान हलवून नको म्हटलं तर?"

"नको कसं म्हणतील?"

"समजा."

"समजण्यासारखं त्यात काही नाही," मास्तर म्हणाले आणि खुर्चीला बांधायला जुनी चादर शोधू लागले. लेकीला तिच्या मताबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. शिडीच्या घरात हे कुणी कुणाला विचारत नसे.

मतदानाच्या दिवशी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची, तिला चादरीने बांधलेले अप्पा, पुढे मास्तर आणि लेक, मागे मोजणीदार आणि शेजारचे एक दणकट गृहस्थ, अशी वरात शाळेत पोचली. फाटकावरच्या पोलिसाला पाहताच अप्पांनी मूठ उगारली.

"चढत राहा!"

पोलीस धावला. मास्तरांनी प्रमाणपत्र पुढे केलं. त्याने ते दोनदा वाचलं.

"पण ऐकणाऱ्याला कसं कळणार वैद्यकीय आहे ते?"

हा प्रश्न बिनतोड होता. शेवटी मोजणीदारांनी खिशातून सुतळी काढली आणि तो कागद अप्पांच्या गळ्यात अडकवला. छातीवर प्रमाणपत्र लोंबत असलेल्या वडिलांकडे मास्तरांना पाहवेना. त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं.

बेचाळीस पायऱ्या. पहिल्या वळणावर खुर्चीचा पाय कठड्यात अडकला. मोजणीदार म्हणाले, माझ्या मापाने अडकायला नको. दुसऱ्या वळणावर दणकट गृहस्थांना कामाचा फोन आला. मास्तरांच्या कमरेत उसण भरली. आणि प्रत्येक पाच-सहा पायऱ्यांनी, खाली घाम गाळणाऱ्यांच्या डोक्यावरून, अप्पा ओरडत होते : चढत राहा! चढत राहा! वर रांगेत उभ्या एका म्हाताऱ्याने जुन्या सवयीने मूठ वर करून साथ दिली. पोलिसाने त्याला धरलं आणि विचारलं, "तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे?"

खोलीत तीन टेबलं होती. मधल्या टेबलावरच्या अधिकारी बाईंनी यादीतला फोटो पाहिला, अप्पांना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"हे ते वाटत नाहीत. फोटोत गाल भरलेले आहेत."

मास्तरांनी खिशातून रुमालात गुंडाळलेली नवी कवळी काढली आणि सगळ्यांच्या देखत वडिलांच्या तोंडात बसवली. क्षणभर अप्पा खरंच फोटोतल्यासारखे दिसले. मग त्यांनी तोंड उघडलं. "चढत..." एवढंच बाहेर पडलं, आणि मागोमाग कवळी. ती टप्पा घेत अधिकारी बाईंच्या यादीवर जाऊन पडली. रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तीस वर्षांत मास्तरांची एकही कवळी परत आली नव्हती.

"पक्षांचे प्रतिनिधी ओळख पटवतील का?" बाई पेन्सिलीने कवळी बाजूला सारत म्हणाल्या.

शिडीचा प्रतिनिधी एक कंत्राटदार होता. त्याने अप्पांकडे पाहून खांदे उडवले. "मी ओळखत नाही बुवा. मी पक्षात चार महिन्यांपूर्वी आलो. त्याआधी किल्लीत होतो."

किल्ली म्हणजे समोरचा पक्ष. त्यांची प्रतिनिधी भिंतीशी बसली होती. केस पिकलेली, चष्मा लावलेली बाई. मास्तरांनी आत आल्यापासून त्या कोपऱ्याकडे न पाहण्याची शिकस्त केली होती.

"मी ओळखते," ती म्हणाली. "माझे वडील आहेत."

ती मास्तरांची धाकटी बहीण. पन्नाशीची झाली तरी घरातलं नाव बेबी; पण त्या घरात ते नाव अठरा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. बेबी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. शिडीच्या सरकारने तिचा बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला, तिने मोर्चा काढला, आणि मोर्च्याला किल्लीवाल्यांनी मांडव दिला. पुढच्या महिन्यात ती किल्लीची सभासद झाली. "या घरात किल्ली चालणार नाही," अप्पा म्हणाले. लोक त्या वाक्याला हसले होते. पण त्याच दिवशी दाराचं कुलूप बदललं गेलं.

"घोषणेबद्दल तुमचा काही आक्षेप?" अधिकारी बाईंनी बेबीला विचारलं. आक्षेप घेण्याचा पहिला हक्क तिचाच होता.

अप्पा तिच्याकडे पाहत होते. डावा हात उचलला गेला होता, आणि आवाज हळू, अगदी हळू आला. चढत राहा. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

हा चौथा. मास्तरांना तो ओळखू आला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अप्पांचा सूर ओळखू आला.

"आक्षेप नाही," बेबी म्हणाली आणि तिने चष्मा काढून पुसायला घेतला.

मास्तरांनी गुलाबी कागदावर शपथेची सही केली. त्यांच्या बोटाला शाई लागली, अप्पांच्या बोटाला लागली, आणि खुर्ची पुठ्ठ्याच्या आडोशामागे सरकवली गेली. समोर मतपत्रिका. वर शिडी, तिसऱ्या ओळीत किल्ली, मधे आणि खाली कोणकोण.

"अप्पा," मास्तर कुजबुजले, "शिडी ना?"

अप्पांनी कागदाकडे पाहिलंच नाही. त्यांची मान पुठ्ठ्याच्या कडेवरून मागे, भिंतीच्या दिशेने वळत होती.

"अप्पा, इकडे बघा. शिडी?"

मान वळतच होती. डाव्या हाताने त्यांनी मतपत्रिका बाजूला लोटली.

"आटपा," बाहेरून आवाज आला. रांगेत लोक खोळंबले होते. मास्तरांनी मतपत्रिका सरळ केली. मतदाराची जी इच्छा असेल त्याप्रमाणेच, असं त्यांनी दोन मिनिटांपूर्वी लिहून दिलं होतं. इच्छा काय ते त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि ती त्या कागदावर कुठेच छापलेली नव्हती. मग त्यांच्या हाताने शिक्का उचलला आणि पहिल्या ओळीत मारला. छत्तीस वर्षांच्या सवयीने मारला. कागद घडी करून पेटीत पडल्यावर त्यांना कळलं, की आपण विचार केला नाही.

बाहेर येऊन ते स्वतःच्या मतासाठी पुन्हा टेबलाशी गेले. कारकुनाने त्यांचं बोट पाहिलं.

"शाई लागलीय. तुमचं मत झालंय."

"ती वडिलांची शाई."

"वडिलांची तुमच्या बोटाला कशी लागेल?"

"सोबती म्हणून लावलीत ना तुम्हीच!"

"सोबत्याला दुसऱ्या हाताला लावतात."

"मग दुसऱ्या हाताला का नाही लावलीत?"

अधिकारी बाई आल्या, पुस्तिका उघडली गेली, पानं उलटली. चूक कचेरीची होती, हे बाईंनी मोकळेपणाने मान्य केलं. पण शाई लागलेल्या माणसाला मतपत्रिका देता येत नाही, हेही त्याच पुस्तिकेत होतं. तक्रार करायची तर नमुना खालच्या मजल्यावर. मास्तर भांडायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला वाईट वाटत नाहीये. उलट सुटल्यासारखं वाटतंय. या भावनेने ते इतके घाबरले की भांडण सोडून खुर्ची उचलायला गेले.

घरी आल्यावर बायकोने अप्पांना निजवलं आणि भिंतीवरचा फोटो खिळ्यावरून काढून खिडकीशी नेला. "अहो, इकडे या. हे बघितलंत?"

थोर नेत्यांच्या बाजूला गर्दीत अप्पा होते. त्यांच्या खांद्यावर चार-पाच वर्षांची मुलगी बसली होती, हातात कागदाची शिडी, तोंड ओरडण्यासाठी उघडलेलं. पंचेचाळीस वर्षं तो फोटो भिंतीवर होता, आणि पंचेचाळीस वर्षं सगळ्यांनी नेत्यांनाच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बेबीच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते दारात विसरले. "अप्पा तुला बोलावतायत," एवढंच म्हणाले.

"ते बोलावतायत की तू?"

"तेच. फक्त कळायला दहा दिवस लागले."

ती आली. पण दाराशी येऊन थांबली, आणि कुलपावर बोट टेकवून म्हणाली, "हे तेच का रे?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"माझ्या मनात अठरा वर्षं अप्पांचाच राग होता, दादा. काल खुर्चीतले त्यांचे हात पाहिले आणि आठवलं. अप्पांना आयुष्यात एक स्क्रू नीट बसवता आला नाही. हे तू बसवलंस."

"त्यांनी सांगितलं म्हणून."

"हो, पण बसवलंस छान. बारीक काम तुझंच."

मास्तरांना वाटलं ती आता परत जाईल. ती गेली नाही. आत जाऊन अप्पांच्या उशाशी बसली, त्यांच्या तोंडाची गळणारी बाजू पुसली, चमच्याने त्यांना सूप भरवलं. परिचारिकेच्या हाताला सगळं माहीत असतं. अप्पा तिच्याकडे टक लावून पाहत राहिले. काहीतरी बोलतील म्हणून सगळे वाट पाहत होते, पण अप्पा त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. ना पाण्यासाठी, ना पडद्यासाठी.

जाताना बेबी स्वयंपाकघरात पाणी प्यायला थांबली. मास्तर बोलायचं म्हणून म्हणाले, "तुझा मुलगा कसा आहे?"

"असेल बरा. बोलत नाही माझ्याशी. चौदा वर्षांचा होईतो त्याला किल्लीच्या सभांना घेऊन जायचे मी. किल्लीचा बिल्ला लावल्याशिवाय शाळेत पाठवायचे नाही." तिने पेला पालथा घातला. "आपण दोघंही अप्पांचीच पोरं, दादा."

ती रोज येऊ लागली. चार दिवस आली. पाचव्या दिवशी सकाळी अप्पा गेले, बेबी त्यांचा उजवा, निर्जीव हात चोळत असताना. तो मतमोजणीचा दिवस होता. दुपारी शिडी जिंकल्याचं रस्त्यावरूनच कळलं. ट्रकवरून गुलाल, ढोल, कर्णे, आणि हजार गळ्यांतून ती घोषणा. खोलीत अप्पांवर पांढरी चादर होती. बायकोने खिडकी लावली तरी आवाज येतच होता. मोजणीदारांना राहवलं नाही. "घरात माणूस गेलंय, पाच मिनिटं थांबा म्हणून सांगतो," असं म्हणत ते ताडताड खाली गेले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांचं डोकं गुलाबी झालं होतं आणि सदऱ्यावर शिडीचा बिल्ला होता. ते मोरीत तोंड धुवायला गेले. मिरवणूक संपेपर्यंत अप्पांना खाली नेता आलं नाही. त्या तासाभरात मास्तरांनी अप्पांचं तोंड नीट केलं. आता कवळी घट्ट बसली. हलायचं काही कारणच उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शिडीचा तो कंत्राटदार आला. बगलेत घडी केलेला झेंडा, चेहऱ्यावर दुःख.

"गडबडीत राहून गेलं. तुमचे वडील म्हणजे पक्षाचा पाया."

"तुम्ही ओळखत नव्हता त्यांना," मास्तर म्हणाले.

"आता ओळखतो ना! वरून निरोप आलाय, जुन्या घराण्यांना धरून ठेवा." त्याने पक्षाच्या सभासदत्वाचा एक छापील फॉर्म टेबलावर पसरला. "वडिलांच्या जागी तुमचं नाव घातलंय. आणि खाली मुलीचंही. नवमतदार. फक्त सह्या करायच्या."

मास्तरांनी पाहिलं. त्यांचं नाव टाइप केलेलं होतं, खाली लेकीचं. पेनही कंत्राटदाराने टोपण काढून ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या दारात बेबी आणि लेक उभ्या होत्या. बेबीच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण तिने ते गिळलं.

"तिचं नाव खोडा," मास्तर म्हणाले.

"का? किल्लीची आहे का ती?"

"माहीत नाही. मी विचारलेलं नाही."

"बरं, मग तुमचं तर राहू दे."

मास्तरांनी आपल्या नावावर बोट ठेवलं. "माझंही खोडा. मला अजून ठरवायचंय."

"या वयात?" कंत्राटदाराला हसू आवरेना. "वडील असते तर..."

"असते तर मी सही केली असती," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, आणि तो कापतोय हे सगळ्यांना ऐकू येतंय म्हणून त्यांना आणखीच शरम वाटली.

कंत्राटदाराने सुस्कारा सोडून दोन्ही नावांवर रेघ मारली. मग नियम आठवून म्हणाला, "खाडाखोड असेल तिथे ज्याची त्याने सही करावी लागते. नाहीतर कचेरीत नाव तसंच चढतं."

मास्तरांनी आपल्या नावापुढे सही केली. पेन लेकीकडे दिलं. तिने ते घेतलं, पण सही केली नाही. खुर्ची ओढून ती बसली आणि फॉर्म वाचू लागली. पुढची बाजू वाचली, उलटून मागची वाचली, तळाशी छापलेलं बारीक अक्षरातलं डोळ्यांजवळ धरून वाचलं. कंत्राटदार झेंडा या बगलेतून त्या बगलेत घेत उभा होता. मास्तरही उभे होते. तो फॉर्म या घरात पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं.